जाईबाईची मूठ

जाईबाईला राग लवकर येत नसे, पण एकदा आला की मुक्कामालाच येई. तिच्या लग्नात तिच्या बापाला सर्वांत मागच्या पंगतीला बसवणाऱ्या मामेसासऱ्याशी ती अठरा वर्षं बोलली नाही. तो मेला तेव्हा रीत म्हणून दारापर्यंत गेली, बायांमध्ये बसली, आणि त्या घरचं पाणी न पिता उठून आली. तिचा नवरा श्रावण म्हणे, "इतकं कोनी धरून ठेवते काय?" त्यावर ती म्हणे, "ज्याचं त्याले सोडता येते. माहं मले सोडता येत नाई." पुढं श्रावणही तापाच्या साथीत गेला आणि तिला समजावणारं घरात कुणी उरलं नाही.

माहेर अकोटकडचं, सासर अकोल्याहून पातूरला जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात. पण जाईबाईची ओळख ना माहेरानं होती ना सासरानं, ती होती तिच्या उजव्या हाताच्या मुठीनं. तिफण म्हणजे बैलांनी ओढायचं पेरणीचं औजार. तिला तीन फण असतात आणि वर चाडं म्हणजे लाकडाची वाटी असते. वाटीला तीन भोकं, भोकांखाली तीन नळ्या. गडी बैल हाकतो आणि बाई मागून चालत चाड्यात मूठ सोडत जाते. आता मूठ म्हणजे काही माप नव्हे. तीन भोकांत सारखं बी पडावं, बैल अडखळला तर हात थांबावा, बैल सुटला तर हात सुटावा, हे सगळं बोटांनी करायचं असतं. जाईबाईच्या हातची ज्वारी उगवली की कोणत्याही तासात, म्हणजे पेरणीच्या ओळीत, हातभर जागा रिकामी दिसायची नाही. पाच गावचे कास्तकार अखजीपासूनच, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासूनच, तिला सांगून ठेवत. त्यांतले निम्मे तिला ओंजळीत वरून पाणी ओतणारे होते, पण बी मात्र तिच्याच हातचं लागे. हे तिला कळत नव्हतं असं नाही. तेही तिनं धरूनच ठेवलं होतं.

पंचावन्न साली त्याच रस्त्यावर शेतकी कॉलेज निघालं. तुळशीरामजी नावाच्या एका कापसाच्या जिनवाल्यानं जमीन दिली, म्हणून तुळशीरामजी शेतकी कॉलेज. टिनाचे वर्कशॉप, पोरांचं होस्टेल, मधे एक लांबलचक हॉल. हॉलच्या भिंतीवर फोटो लावायची त्यांना भारी हौस. कोनशिला बसवताना पाहुणे, हॉकीची टीम, गॅदरिंगमधले मिश्या चिकटवलेले विद्यार्थी, ट्रॅक्टरवर एकाच वेळी चढलेली अकरा पोरं. जाईबाई कॉलेजच्या शेतावर रोजानं जाऊ लागली. तिचा धाकटा दीर धर्मपाल तिथंच चपराशी होता. सातवी शिकलेला, आणि छप्पन साली नागपूरला दीक्षा घेऊन आल्यापासून वस्तीत संध्याकाळी मोठ्या माणसांचा लिहिण्यावाचण्याचा वर्ग घेणारा.

औजारं शिकवायला होते प्रोफेसर महादेवराव खानझोडे. नागपूर शहरात वाढलेले, लांब उत्तरेत इंजिनिअरिंग शिकलेले. माणूस हुशार, ते नाकारून चालणार नाही. लोखंडाची त्यांना नस ठाऊक होती. त्यांनी बैलांनी ओढायचं एक पेरणीयंत्र करायला घेतलं होतं. वर बियांची पेटी, आत दातेरी चाकं, आणि बाईच्या हाताची गरजच नाही. यंत्रातून किती बी सोडायचं हे ठरवायला त्यांनी सलग आठ दिवस जाईबाईकडून कापडावर पेरून घेतलं. तिच्या मुठीतून दर पावलाला किती दाणे पडतात ते विद्यार्थ्यांनी मोजलं आणि वहीत लिहिलं. जाईबाईला त्याचं काही वाटलं नाही. उलट मौज वाटली. आपला हात शिकल्यासवरल्या पोरांनी मोजावा, याचं तिला थोडं कौतुकही होतं.

सत्तावन्नच्या पावसाळ्यात खानझोडे साहेबांनी तिला बोलावून सांगितलं, "उद्या अकोल्याहून फोटोवाला येणार आहे. तुझा पेरताना फोटो काढायचाय." जाईबाई दुसऱ्या दिवशी पांढरं शुभ्र पातळ नेसून आली. नागपूरला दीक्षेच्या वेळी नेसलेलं, त्यानंतर ट्रंकेत ठेवलेलं. साहेब बघतच राहिले.

"हे काय नेसून आलीस? कामाचं लुगडं नेस. फाटकं असेल ते."

ती घरी जाऊन बदलून आली. मग साहेब म्हणाले, "हात वर धर. आणखी वर. दाणे पडताना दिसले पाहिजेत."

"साहेब, असं पेरत नाईत. असं केलं त बी चाड्याच्या भाईर जाते."

"फोटोत दिसायला तसंच लागतं."

फोटोवाल्याचं काम फोटोवाल्याला ठाऊक, असं म्हणून तिनं खांद्याच्या वर हात नेला आणि मूठ उघडली. अर्धी ज्वारी वाऱ्यानं मातीत गेली. काळ्या कापडात डोकं घातलेला फोटोवाला म्हणाला, झालं.

महिन्याभरात तो फोटो काच लावून हॉलच्या भिंतीवर लागला. खाली काळ्या पुठ्ठ्यावर पांढऱ्या अक्षरांत एक ओळ होती. जाईबाईला वाचता येत नव्हतं. तिला एवढंच कळलं की कोनशिलेचे पाहुणे आणि हॉकीची टीम यांच्या रांगेत आपण आहोत. ती किती हरखली म्हणून सांगावं! वस्तीतल्या बायांना घेऊन गेली. बुद्धजयंतीला आलेल्या पाहुण्यांना घेऊन गेली. अमरावतीला दिलेली बहीण केशरबाई, तिला तर मुद्दाम निरोप धाडून बोलावून घेतलं, सोबत तिचा नवरा चंद्रभान. चंद्रभान अमरावतीत कचेरीत कामाला, वाचता येणारा माणूस. फोटोसमोर उभा राहिला, खालची ओळ वाचली, "चांगला आला" म्हणाला आणि चहा न घेताच मोटार गाठायला निघाला. जाईबाई बहिणीला म्हणाली, "तुह्या नवऱ्याले जळवा दिसते." तीन वर्षं हे चाललं होतं. तीन वर्षांत तिनं किती जणांना तो फोटो दाखवला याची गणतीच नाही.

साठ साली ती धर्मपालच्या वर्गाला जाऊन बसू लागली. धर्मपाल बाकीच्या बायांना धडाधड पुढं नेई आणि वहिनीला मात्र मुळाक्षरांतच घोळवत ठेवी. "वैनी, घाई नोका करू. पक्कं होऊ द्या." जाईबाई हट्टी. तिनं शेजारणीच्या पोरीची पाटी घेऊन स्वतःच जोडाक्षरं गिरवली. दिवाळीनंतर एका दुपारी गॅदरिंगसाठी हॉल झाडायला तिला लावलं होतं. झाडता झाडता ती आपल्या फोटोखाली थांबली, झाडू भिंतीला टेकवला आणि बोट लावून वाचू लागली. पुस्तकाबाहेरचं, कुणाची मदत न घेता तिनं आयुष्यात वाचलेलं पहिलं वाक्य ते.

'चुकीची पेरणी. अडाणी मजुराच्या हातून बी वाया जाते.'

तिला वाटलं आपलंच चुकतंय. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग तिसऱ्यांदा. अक्षरं तीच राहिली.  केशरबाईचा नवरा का पळाला, बुद्धजयंतीचे पाहुणे एकमेकांकडे का बघत होते, होस्टेलची पोरं तिला पाहून हसू का दाबत, ते सगळं एकाच वेळी तिच्या अंगावर आलं. ज्या मुठीवर ती जगली, त्याच मुठीचा जाहीर अपमान भिंतीवर टांगलेला होता, आणि तीन वर्षं तिनं स्वतःच्या पायांनी लोकांना तो दाखवायला आणलं होतं. हात वर धरायला लावणारा कोण? फाटकं नेसायला लावणारा कोण? अन् चुकीची पेरणी कुणाची, तर जाईबाईची!

धर्मपाल कॉलेजच्या घंटेजवळ स्टुलावर बसला होता. ती समोर जाऊन उभी राहिली.

"भाऊजी, तुमाले वाचता येत होतं."

त्यानं मान खाली घातली. "वैनी, तुमी इतक्या खूश होत्या. कोन्या तोंडानं सांगतलं असतं?"

"मले मुळाक्षरात अटकवून ठेवलं ते त्याच्याचसाठी?"

 जाईबाई त्याच्याशी पुढं कित्येक महिने बोलली नाही, पण त्याच्यावरचा राग खरा नव्हता हे तिलाही कळत होतं. खरा राग कुणासाठी ठेवायचा ते ठरलं होतं.

काच फोडावी असं तिला पहिल्या दिवशी वाटलं. दुसऱ्या दिवशी वाटलं, काच फोडली तर लोक म्हणतील अडाणी बाईनं आणखी एक नुकसान केलं, आणि साहेब नवी काच लावतील. रडून, हातापाया पडून पुठ्ठा काढायला लावावा, तर तेही तिच्या स्वभावात नव्हतं. तिला हवं होतं ते साधं होतं. ज्यांना ज्यांना तो फोटो दिसला त्यांच्यासमोर, दिवसाउजेडी, त्या माणसाच्याच तोंडून निघालं पाहिजे की जाईबाईची पेरणी चुकीची नव्हती. त्यापेक्षा दाणाभर कमी तिला चालणार नव्हतं. ती कामाला जात राहिली. साहेब भेटले की पदर सावरून 'नमस्कार साहेब' म्हणत राहिली. हा नमस्कार फार वाईट होता, पण साहेबांना तो ओळखू आला नाही.

एकसष्टच्या जुलैत तिची वेळ आली. पुण्याहून शेतकी खात्याचे मोठे साहेब कॉलेज बघायला येणार होते. त्यांच्यासमोर पेरणीयंत्र दाखवायचं, यंत्रानं पेरलेलं शेत दाखवायचं, आसपासच्या कास्तकारांना बोलवायचं, फोटो काढायचे. साहेबांनी रस्त्याला लागून असलेला एक एकराचा तुकडा राखून ठेवला होता. आणि पावसानं दगा दिला. म्हणजे पडला नाही असं नाही, फार पडला. काळी माती ती. ओली झाली की पायाला धरून ठेवते, मग नळ्यांना काय सोडते? यंत्राच्या नळ्या तिफणीच्या नळ्यांपेक्षा बारीक; दहा पावलं चाललं की त्यांची तोंडं बुजत. खोलायचं, काडीनं कोरायचं, पुन्हा जुंपायचं, पुन्हा बुजायचं. असे दोन दिवस गेले. ज्वारी उगवून वीतभर दिसायला हवी तर पेरणी त्या आठवड्यातच व्हायला हवी होती.

शनिवारी संध्याकाळी साहेबांनी जाईबाईला वर्कशॉपच्या मागं बोलावलं. आवाज खाली आणून म्हणाले, "जाईबाई, उद्या रविवार. होस्टेलची मुलं अकोल्याला सिनेमाला जातात. तू आणि मोतीराम, तिफण घ्या आणि तो तुकडा पेरून टाका. यंत्राचं नि तिफणीचं अंतर सारखंच ठेवलंय मी. कुणाला कळायचं नाही."

"म्हंजे यंत्रानं पेरलं असं सांगाचं?"

"तुला कुठं काही सांगायचंय? तू गप्प राहायचं." मग ते हसले आणि म्हणाले, "तुझा फोटो मी हॉलमध्ये लावला की नाही? आता माझं एवढं काम कर."

जाईबाई म्हणते, त्या क्षणी हातात विळा असता तर काय झालं असतं सांगता येत नाही. पण विळा नव्हता, आणि ते बरंच झालं. ती म्हणाली, "करतो ना साहेब. तुमचे उपकारच आहेत."

त्या रात्री तिनं ज्वारीचं बी ओटीत बांधलं आणि पदराच्या टोकाला दुसरी एक छोटी गाठ मारली. गाठीत अंबाडीचं बी होतं.

वऱ्हाडात अंबाडी पेरायला कुणी कुणाला सांगत नाही. ज्वारी पेरणारी बाई येताना मूठभर अंबाडी घेऊन येते आणि ज्वारीच्या तासांतच अधूनमधून सोडत जाते. पाला तिच्या भाजीला, काड्यांच्या वाखाचा दोर मालकाला. मालक विचारत नाही, बाई सांगत नाही. ज्या शेतात अंबाडी आहे तिथं बाईचा हात फिरला, एवढं शेंबड्या पोरालाही कळतं. कळत नाही ते फक्त शहरात वाढलेल्याला. खानझोडे साहेबांना ताटातली अंबाडी ओळखू यायची, तासातली नाही.

रविवारी साहेब बांधावर बाभळीखाली छत्री घेऊन उभे होते. मोतीराम हा कॉलेजचा जुना गडी, त्यानं बैल हाकले. जाईबाई मागून चालू लागली. उजव्या हातानं ज्वारी, आणि दर दहाव्या पावलाला डाव्या हातानं मधल्या भोकात अंबाडीचे तीन दाणे. एक पाखरू खाईल, एक सडेल, एक तर उगवेल, म्हणून तीन. मोतीरामच्या पहिल्याच फेरीत लक्षात आलं.

"जाईबाई, अंबाडी कावून टाकून राहिली? साहेब म्हने एकच बी."

"तू बैलाकडं पाय."

मोतीरामनं वळून एकदा तिच्या तोंडाकडे पाहिलं. नंतर दिवसभर त्यानं मागं वळून पाहिलं नाही. जाईबाई पेरत राहिली. तिला हात बिघडवता आला असता, तास रिकामे ठेवता आले असते, साहेबांची फजिती तशीही झाली असती. पण तिनं आयुष्यात पेरलं नसेल असं चोख शेत त्या दिवशी पेरलं. सूड घ्यायचा तर तो चांगल्या मालानं घ्यायचा, असा तिचा हिशोब होता.

पाचव्या दिवशी अंकुर दिसले. साहेब रोज सकाळी येऊन बघत आणि दुसऱ्या कुठल्या प्रोफेसराला त्या तुकड्याकडे फिरकू देत नसत. नवव्या दिवशी ते तिला म्हणाले, "हे मधे मधे दोन गोल पानांचं काय उगवलंय? तण दिसतंय. काढून टाक."

ते काढलं की सगळंच गेलं. पण जाईबाईनं चेहरा बदलू दिला नाही. "काढतो साहेब. पन माती ओली आहे. आत्ता आत गेलं त पायाचे ठसे उठतीन. फोटोत दिसतीन."

"मग राहू दे," साहेब घाईनं म्हणाले. "राहू दे, राहू दे."

मोठे साहेब आले त्या दिवशी ऊन स्वच्छ पडलं होतं. बांधावर दीडशे-दोनशे कास्तकार, एका बाजूला विद्यार्थी, दुसऱ्या बाजूला मजूर. शेत असं होतं की मोठे साहेब मोटारीतून उतरताच "वा!" म्हणाले. खानझोड्यांनी धुऊनपुसून रंग दिलेल्या यंत्रावर हात ठेवला आणि भाषण केलं. "या पेटीला टाळं आहे. आत फक्त ज्वारी. या शेतातल्या एकाही दाण्याला माणसाचा हात लागलेला नाही." टाळ्या पडल्या. फोटोवाल्यानं त्यांना यंत्राशेजारी, मागं सरळसोट तास दिसतील असं उभं केलं आणि फोटो काढला. जाईबाई फोटो निघेपर्यंत थांबली होती. तो निघणं तिला हवं होतं.

आता बोलायचं तर तिनंच बोलायचं, असं ठरवून ती एक पाऊल पुढं आली. पण तिच्या आधी नत्थुजी शेतात उतरले. नत्थुजी शेजारच्या गावचे, सत्तरीचे, जाईबाईनं पंधरा वर्षं त्यांचं शेत पेरलेलं. ते उकिडवे बसले, दोन गोल पानं खुडली, तोंडात टाकली आणि चघळत उठले.

"आंबट आहे," ते बांधावरच्या लोकांना म्हणाले. मग खानझोड्यांकडे वळले. "साहेब, तुमची पेटी भाजीची बी सोय करते काय?"

बांधावर हशा उसळला. दोनशे माणसं पोट धरून हसत होती आणि पुण्याचे साहेब गोंधळून इकडंतिकडं बघत होते. "काय झालं? काय प्रकार आहे?"

"काई नाई साहेब," नत्थुजी म्हणाले. "आमच्या इकडं अंबाडी बाई पेरते. पेटी नाई पेरत."

खानझोड्यांचा चेहरा उतरला, पण ते सावरले. "ते तण आहे, सर. वाऱ्यानं आलेलं."

तेव्हा जाईबाई पुढं झाली. पांढरं पातळ नेसून आली होती ती. "तन दहा पावलं मोजून उगवते काय, साहेब? अन् मधल्याच तासात उगवते काय? हे मी पेरलं. तुमीच पेराले लावलं. यंत्र चिखलानं बुजलं होतं."

"ही बाई खोटं बोलते आहे!"

"मंग मोजा."

मोठे साहेब मोजायला निघाले तर तिनं अडवलं. "तुमच्या पावलांनी नाई जमत. माह्या पावलांनी मोजा." ती मधल्या तासाच्या तोंडाशी गेली आणि मोठ्यानं मोजत चालली. एक, दोन, तीन. दहाला थांबली आणि बोट खाली केलं. अंबाडी. पुन्हा दहा. अंबाडी. तिसऱ्या खेपेला बांधावरचे कास्तकार तिच्यासोबत मोजू लागले, चौथ्या खेपेला विद्यार्थीही. पाचव्यांदा दहा आलं आणि खाली काहीच नव्हतं, पाखरांनी साधलं होतं.  ती थांबली नाही. सहाव्यांदा दहा म्हणाली तेव्हा पायाशी दोन गोल पानं होती, आणि बांधावरून जो ओरडा झाला तो पातूर रस्त्यावरच्या मोटारवाल्यानं थांबून ऐकला.

"मोतीराम," मोठे साहेब म्हणाले, कारण कुणीतरी त्यांना गड्याचं नाव सांगितलं होतं, "बैल तू हाकलेस?"

"हो साहेब. रविवारी. तिफनीले."

खानझोडे यंत्राला धरून उभे होते. जाईबाईनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. तिला दया आली असती तर मी लिहिलं असतं. नाही आली. तिला तो चेहरा फार आवडला.

"बाई, तुमचं म्हणणं काय आहे?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"माहं म्हननं हॉलात टांगलेलं आहे. चाला, दाखवतो."

सगळा मेळा हॉलमध्ये गेला. आत मावले नाहीत ते खिडक्यांना लटकले. जाईबाईनं फोटोकडे हात केला. "याच्याखाली काय लिवलं ते खानझोडे साहेबानं वाचून दाखवावं. मले वाचता येते. पन त्यायच्या तोंडून आयकाचं आहे."

खानझोड्यांनी मोठ्या साहेबांकडे पाहिलं. मोठे साहेब म्हणाले, "वाचा."

"चुकीची पेरणी," ते पुटपुटले.

"खिडकीतल्यायले आयकू नाई आलं."

त्यांनी मोठ्यानं वाचलं. पुरी ओळ वाचली. ज्यानं नुकतंच ते हिरवंगार शेत पाहिलं होतं त्या प्रत्येकानं ती ओळ ऐकली. मग जाईबाईनं विचारलं, "हात वर धराले मले कोनं लावलं, साहेब?"  "मी," खानझोडे म्हणाले. "पेरणी चुकीची नव्हती. चित्र मी तसं घ्यायला लावलं."

हेच तिला हवं होतं. पण तेवढ्यावर भागणार नव्हतं. तो पुठ्ठा त्यांनीच आपल्या हातानं काढावा, असं ती म्हणाली. फोटो खाली उतरवला, आणि प्रोफेसर खानझोडे नखांनी तो चिकटवलेला पुठ्ठा खरवडत बसले. खळ पक्की होती. बराच वेळ लागला आणि जाईबाई पूर्ण वेळ समोर उभी राहिली. जाता जाता ती मोठ्या साहेबांना म्हणाली, "आज यायचा जो फोटो काढला, यंत्राजवळचा, तो बी लावा. शेत दिसते त्याच्यात माहं. खाली लिवा, पेरनी जाईबाईची." मोठ्या साहेबांनी प्रिन्सिपॉलला तिथंच तसा हुकूम केला.

तसा फोटो लागला. साहेबी टोपी घातलेले खानझोडे, एक हात यंत्रावर, आणि खाली पांढऱ्या अक्षरांत 'पेरणी : जाईबाई'. जाईबाईनं केशरबाईला अमरावतीहून पुन्हा बोलावलं, आणि चंद्रभानला सोबत यायलाच लावलं. तिनं त्याला ती ओळ तीनदा वाचायला लावली आणि मग चहा पाजला. धर्मपालशीही ती बोलू लागली. महिना-दीड महिना तिला झोप इतकी गाढ लागे की सकाळी शेजारीण उठवायला यायची.

मग एक दिवस तिच्या कानावर पडलं. होस्टेलची पोरं खानझोड्यांना 'जाईबाई' म्हणू लागली होती. टोपीवाल्या माणसाचा फोटो आणि खाली बाईचं नाव, पोरांना आणखी काय हवं? साहेब वर्गात आले की मागच्या बाकावरून आवाज येई, "जाईबाई आली." फळ्यावर कुणी लिहून ठेवी. वर्कशॉपमध्ये यंत्र अडलं की पोरं म्हणत, जाईबाई झालं. जाईबाईला आधी हसू आलं. दोन दिवसांनी पाणी भरताना दोन पोरं भांडत होती, एकानं दुसऱ्याला म्हटलं, "चूप रे जाईबाई, खोटारड्या!" आणि तिचा घडा हातातच राहिला. तिचं नाव शिवी झालं होतं. त्या माणसानं आधी तिचा हात घेतला, मग तिचं शेत घेतलं, आणि आता हरल्यावर तिचं नावही त्याच्याच अंगाला चिकटलं होतं.

दसऱ्याच्या आधी खानझोड्यांची बदली झाली. सामानानं भरलेला टांगा होस्टेलसमोरून निघाला तेव्हा पोरं ओट्यावर गोळा झाली होती. "जाईबाई चालली! जाईबाई, सांभाळून जा!" टाळ्या, शिट्ट्या. टांग्यात साहेब पाठ करून बसले होते. जाईबाई चाऱ्याचा भारा घेऊन रस्त्यानं येत होती. तिनं भारा खाली टाकला आणि सरळ ओट्यापुढं जाऊन उभी राहिली. पोरं चिडीचूप झाली.

"जाईबाई कोन आहे रे?"

मग पुढच्या पोरानं हळूच म्हटलं, "तुम्ही."

"मंग तो कोन आहे?"

"खानझोडे सर."

"पुरं नाव सांग."

"महादेवराव खानझोडे."

"हां. त्यानं केलं ते त्याच्या नावानं राहू द्या. त्याच्या करनीले माहं नाव कायले लावता? माह्या नावानं म्या शेत पेरलं आहे." तिनं टांग्याकडे हात केला. "घ्या त्याचं नाव. मोठ्यानं. टांग्यापरेंत गेलं पायजे."

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. मग एकानं सुरुवात केली आणि चाळीस गळे एकदम उठले, "महादेवराव खानझोडे!" टांग्यातली टोपी दचकून हलली.

"आनखी," जाईबाई म्हणाली. टांगा नाल्याच्या पुलावर चढला, उतरला, बाभळींच्या आड गेला, तरी तिनं पोरांना थांबू दिलं नाही.